ताडपत्रीला तीन मतं

चार मतांपैकी तीन मतं ताडपत्रीला पडली, तेव्हाच एल्डन क्रुगरच्या मनात पाल चुकचुकली.

बरं, ताडपत्रीत तरी काही विशेष असावं? पावसात भिजलेलं मैदान, त्यावर पसरलेली ताडपत्री आणि कडेला छत्री धरून उभा असलेला एक कंटाळलेला अंपायर. 'इनफिल्ड' मासिकाने इतक्या वर्षांत छापलेलं हे सगळ्यात मरगळलेलं मुखपृष्ठ असेल. ज्या महिन्यात ते छापलं, त्या महिन्यात फोटोग्राफर आजारी असणार, असं एल्डनचं मत होतं.

टेलर्स ग्रोव्हच्या वाचनालयाची दर्शनी भिंत नुकतीच रंगवून झाली होती. तिथे बेसबॉलचं एक जुनं मुखपृष्ठ माणसाच्या उंचीएवढं मोठं करून लावायचं, असं ग्रंथपाल ग्लेनिस पार्मलीबाईंनी ठरवलं होतं. निवड अर्थात गावातल्या जुन्या चाहत्यांच्या मंडळाने करायची. मंडळ म्हणजे चौघंजण. खुद्द ग्लेनिसबाई, निवृत्त पास्टर एकहार्ट, केशकर्तनवाला ड्वेन स्टकी आणि धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला एल्डन. चौघंही शिकागोचे चाहते, म्हणजे हरण्याची सवय अंगवळणी पडलेले. गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ होते. रुळांच्या उत्तरेला शिकागोचे चाहते, दक्षिणेला सेंट लुईसचे. दक्षिणेकडच्या माणसाला मंडळात घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडून गाडीची दुरुस्ती करून घेतली जाई, त्यांच्या अंत्ययात्रेला लोक जात, पण तेवढंच.

एल्डनने आणलेलं मुखपृष्ठ म्हणजे त्याच्या आयुष्यातला दागिना. शिकागोचा पहिल्या बेसचा खेळाडू मिक टोलिव्हर कठड्यावरून थेट प्रेक्षकांत झेपावला आहे, अंग हवेत, हातमोजा उघडा आणि चेंडू त्यात शिरतोय. आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतून आलेल्या एका हाताने टोलिव्हरची बाही पकडली आहे. त्या हाताने घात केला. चेंडू सुटला, बॅटरला जीवदान मिळालं, पुढचाच चेंडू मैदानाबाहेर धाडून त्याने होमरन मारला आणि सामना सेंट लुईसने नेला. हात कुणाचा ते दिसत नव्हतं, कारण एल्डनच्या अंकावर नेमकं तिथेच त्याच्या नावापत्त्याचं लेबल चिकटलेलं होतं.

"या हाताचा मालक मला एकदा भेटायला हवा," एल्डन त्या दिवशी ड्वेनच्या दुकानात जमलेल्या मंडळासमोरही म्हणाला. हे वाक्य तो ते मुखपृष्ठ दाखवताना दर वेळी म्हणे. "बाकी काही नाही. फक्त भेटायला हवा."

ड्वेन कात्र्या पुसायला लागला. ग्लेनिसबाईंना खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"चांगलंच आहे मुखपृष्ठ," पास्टर म्हणाले. "पण भिंतीवर जरा... अंगावर येईल. मला ती ताडपत्री बरी वाटते. शांत आहे."

"ताडपत्री?" एल्डन म्हणाला. "पास्टर, तुम्ही हे चित्र पहिल्यांदा बघितलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"वय झालं आता," पास्टर म्हणाले. "ताडपत्री."

"ताडपत्री," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"मीसुद्धा," ड्वेन कात्रीकडे बघत म्हणाला.

एल्डन घरी आला तेव्हा त्याची बायको लव्हर्न स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत होती. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नसे. दर वसंत ऋतूत, मोसम सुरू झाला की एल्डन जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, मिरपूडदाणी आणि साखरेचं भांडं मांडून तिला एक अवघड नियम समजावून सांगे. आतल्या मैदानात चेंडू उंच उडाला, की झेल घेण्याआधीच अंपायर बॅटरला बाद देतो, तो नियम. ती मान डोलावे आणि म्हणे, "मला मेलं काही कळत नाही. साखर इकडे दे."

त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसला.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस," लव्हर्न कणसावरून नजर न काढता म्हणाली. "ताडपत्रीने निदान कुणाचं मन तरी दुखत नाही."

एल्डनने अजून तोंड उघडलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं ताडपत्रीचं?"

लव्हर्नच्या हातातलं कणीस थांबलं. "ड्वेनचा फोन आला होता."

"ड्वेन तुला कशाला फोन करतो?"

"असंच. बरी आहेस ना, वगैरे."

"तू बरी नसायला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर बरी आहे म्हटलं," लव्हर्न म्हणाली आणि कणसांचं भांडं घेऊन मागच्या अंगणात गेली. सोलायची कणसं उरली नव्हती.

एल्डनने विचार केला. ड्वेन स्टकी बिनलग्नाचा होता. का राहिला, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. एल्डनच्या लग्नात तो कोपऱ्यात उभा राहून केक खात होता आणि एल्डनला आता स्पष्ट आठवलं, की तो केक उदास होऊन खात होता. ख्रिसमसला तो लव्हर्नला दर वर्षी जर्दाळूचा मुरंबा पाठवी. एल्डनला जर्दाळू आवडत नाही, हे सबंध गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो ड्वेनच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसला. खुर्चीत बसलेल्या माणसाला ड्वेनला टाळता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. खुर्चीत बसलेल्याच्याच मानेवर मशीन फिरतं, ही दुसरी बाजू त्याच्या लक्षात आली नाही.

"जरासे बारीक कर," एल्डन म्हणाला. "आणि मला सांग, ताडपत्रीला मत का दिलंस?"

"मला ताडपत्री आवडते."

"कुणालाही ताडपत्री आवडत नाही, ड्वेन."

मशीन कानाजवळ घरघरत होतं. ड्वेनने त्याची मान जराशी पुढे वाकवली. मग म्हणाला, "हे बघ, एल्डन, मी शब्द दिलाय. फार जुना शब्द आहे. मला बोलायला लावू नकोस."

"कुणाला दिलास?"

"ते सांगितलं तर शब्द मोडला ना."

"लव्हर्नला?"

मशीन कानावरून सरळ वर चढलं, टाळूवरून पार गेलं आणि दुसऱ्या कानापाशी थांबलं. एल्डनच्या डोक्यावर नांगरल्यासारखी एक स्वच्छ वाट तयार झाली. दोघेही आरशात त्या वाटेकडे बघत राहिले.

"आता बाकीचंही काढावं लागेल," ड्वेन हळूच म्हणाला.

"काढ," एल्डन म्हणाला. उत्तर त्याला मिळालं होतं.

तो गुळगुळीत डोक्याने रस्त्यावर आला तेव्हा पोस्टातल्या बाईने त्याला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. बँकेतल्या माणसाने स्वतः उठून दार उघडून धरलं. संध्याकाळपर्यंत क्रुगरांच्या व्हरांड्यात चीज घालून भाजलेल्या नूडल्सचं एक भांडं येऊन पडलं होतं. दुसऱ्या सकाळी आणखी दोन आली, त्यातलं एक रुळांच्या दक्षिणेकडून. एल्डनच्या गावात कुणी मेलं किंवा मरायला टेकलं, की लोक नूडल्स भाजतात. बोलायला काही सुचत नाही, मग ओव्हन लावतात.

"लोकांना वाटतंय तुला काहीतरी मोठा आजार झालाय," लव्हर्न फ्रीजमध्ये जागा करत म्हणाली. "डोकं कशाला भादरून घेतलंस?"

"ड्वेनला विचार," एल्डन म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेहरा क्षणभर पांढरा पडला. त्याने तेही मनात नोंदवलं.

ती सामान आणायला गेली होती तेव्हा पास्टर एकहार्ट आले. त्यांच्याही हातात भांडं होतं. एल्डनच्या डोक्याकडे पाहून त्यांनी डोळे मिटले आणि क्षणभर पुटपुटले.

"एल्डन, मनातलं बोललास तर हलकं वाटेल."

"बोलतो," एल्डन म्हणाला. "ड्वेनचं आणि लव्हर्नचं. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

पास्टरांनी भांडं टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखा भाव आला. "म्हणजे कळलं तुला एकदाचं. अरे, मला पहिल्यापासून माहीत आहे. मीच तर दोघांना बसने घेऊन गेलो होतो."

"तुम्ही घेऊन गेलात?"

"चर्चच्या तरुण मंडळाची सहल होती. तुमच्या लग्नाआधीची गोष्ट आहे, एल्डन. तू तिला भेटलाही नव्हतास. उन्हाळ्याचे दिवस, तरुण रक्त. एक मोहाचा क्षण. आणि खरं सांगायचं तर ड्वेनची त्यात काही चूक नाही. त्याने तिला आवरायचा फार प्रयत्न केला."

"ड्वेनने तिला आवरलं?"

"चांगलं कमरेला धरून. पण ती कुठली ऐकते. शेवटी घातलाच तिने हात."

एल्डन खुर्चीत बसला. "कुठे झालं हे?"

"सगळ्यांसमोर. तीसेक हजार माणसं असतील. शेंगदाणेवालासुद्धा शेंगदाणे विकायचा थांबला."

"तीस हजार माणसांसमोर?"

"फोटोदेखील निघाला ना," पास्टर म्हणाले. "मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, की नवऱ्याला सांगून टाक, क्षमा फार मोठी गोष्ट आहे. पण तिने लेबल लावलं." एवढ्यात त्यांनी एल्डनच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच कळलेलं नव्हतं. पास्टर उठले, हॅट उचलली, दारात पोचले आणि म्हणाले, "नूडल्स मंद आचेवर गरम कर," आणि त्या वयाला न शोभेल अशा वेगाने फाटकाबाहेर गेले.

लेबल. एल्डन बैठकीच्या खोलीत गेला, कपाटातून मासिकांचा गठ्ठा काढला आणि एकेक अंक जमिनीवर मांडत गेला. प्रत्येक अंकावर त्याच्या नावाचं लेबल खाली डाव्या कोपऱ्यात होतं. फक्त टोलिव्हरच्या अंकावर ते वर, उजव्या बाजूला, जरा तिरपं होतं. मासिकवाल्यांच्या यंत्राची चूक म्हणून त्याने हे इतकी वर्षं सोडून दिलं होतं. त्याने खालचा डावा कोपरा बोटाने चाचपला. तिथला कागद खरबरीत होता. आधी तिथे काहीतरी चिकटलेलं होतं आणि कुणीतरी ते ओढून काढलं होतं.

त्याने किटलीत पाणी उकळत ठेवलं आणि मुखपृष्ठ वाफेवर धरलं. लेबलाची कड सुटली, मग अर्धं, मग सगळं.

खाली एक मुलगी होती. तोंड वासून ओरडणारी, डोळे विस्फारलेली, अर्धी कठड्याबाहेर. तिच्या कमरेला ड्वेन स्टकी दोन्ही हातांनी लटकला होता. त्याला तेव्हा केस होते. मुलीचा उजवा हात पुढे गेला होता. एल्डनची नजर तिच्या खांद्यावरून निघाली, कोपरापर्यंत आली, मनगटापर्यंत आली आणि टोलिव्हरच्या बाहीवर जाऊन थांबली. मग परत वर आली. मुलीच्या डोक्यावर लाल टोपी होती. सेंट लुईसची.

मागे दार वाजलं. लव्हर्न सामानाच्या पिशव्या घेऊन आत आली. तिने किटली पाहिली, मासिक पाहिलं आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"ड्वेनचं काही नव्हतं," ती म्हणाली. "मी खाली मैदानात पडले असते. त्याने धरलं म्हणून वाचले."

"ड्वेन गेला खड्ड्यात," एल्डन म्हणाला. "हा हात तुझा आहे?"

"माझाच."

"आणि ही टोपी?"

लव्हर्न त्याच्या समोर बसली. "माझे बाबा मूळचे सेंट लुईसकडचे. तुला सांगितलं होतं, की ते मिसुरीतून आले. मिसुरीतून आलेला माणूस कुणाचा चाहता असणार?"

"तू मला म्हणालीस, तुला बेसबॉल कळत नाही."

"आपण दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा तू आईसक्रीम खाताना सबंध वेळ त्या हाताबद्दल बोलत होतास. तो हात सापडला तर काय काय करशील, ते सांगत होतास. मी तो हात टेबलाखाली घेतला आणि म्हटलं, मला मेलं त्यातलं काही कळत नाही. तू आवडला होतास मला. मग लग्न झालं, वसंत आला आणि टपालाने हा अंक आला. मी काय करणार होते? लेबल काढलं आणि वर लावलं. ड्वेनकडून शब्द घेतला. ग्लेनिसने वाचनालयाचा अंक कुलपात टाकला. आता तू हे भिंतीएवढं मोठं करायला निघालास. मोठं करायचं म्हणजे ते लेबल काढणार."

"तू त्याची बाही ओढलीस, लव्हर्न."

"तो कठडा ओलांडून आमच्यात आला होता. प्रेक्षकांत शिरलेल्या खेळाडूला प्रेक्षक अडवू शकतात. नियम आहे. अंपायरनेही तेच सांगितलं."

एल्डनने मासिक टेबलावर ठेवलं. मग त्याने विचारलं, "आणि तो मीठदाणीचा नियम?"

"तो तू दर वर्षी चुकीचा सांगतोस," लव्हर्न शांतपणे म्हणाली. "धावपटू फक्त पहिल्या बेसवर असला तर तो लागू होत नाही. निदान दुसऱ्यावरही एक धावपटू लागतो. तू मिरपूड नेहमी एकटी ठेवतोस."

त्या दिवसापासून एल्डनने बायकोशी बोलणं टाकलं. तिच्या हातचं जेवायचंही नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. सोय चांगली होती, गावाने भरपूर नूडल्स भाजून दिल्या होत्या. तो एकटा बसून त्या खात होता आणि खाताना समोर मासिक ठेवत होता. ड्वेन एकदा येऊन व्हरांड्यातच उभा राहून गेला. ग्लेनिसबाईंनी फोनवर विचारलं, की ताडपत्री छापायला पाठवायची का. एल्डन म्हणाला, थांबा.

पहिल्या दिवशी तो फक्त हाताकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी टोपीकडे. नंतर मात्र, नूडल्स संपत आल्या तशी, त्याची नजर चेहऱ्यावर अडकायला लागली. असा चेहरा त्याने लव्हर्नचा कधी पाहिला नव्हता. ओरडून ओरडून घशाच्या शिरा ताणलेल्या, केस विस्कटलेले आणि सगळा जीव डोळ्यांत आलेला. त्याने तिला बाळंतपणात पाहिलं होतं, मुलीच्या लग्नात पाहिलं होतं, सासऱ्यांना पुरलं त्या दिवशी पाहिलं होतं. हा चेहरा कुठेच नव्हता. तो इतकी वर्षं या घरातच होता, शेजारच्या खोलीत कणसं सोलत होता, आणि एल्डन बैठकीत एकटा रेडिओ ऐकत बसला होता.

शनिवारी सकाळी तो मासिक घेऊन ड्वेनच्या दुकानात गेला. मंडळ जमलंच होतं.

"मी माझं मुखपृष्ठ परत मांडतो," एल्डन म्हणाला आणि लेबल निघालेलं मासिक आरशापुढे ठेवलं.

तिघंही वाकून पाहायला लागले. पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्वेन चित्रातल्या स्वतःच्या केसांकडे बघत होता.

"लव्हर्नला विचारलंस का?" ग्लेनिसबाईंनी हळूच विचारलं.

"आज निघताना विचारलं. म्हणाली, लावा. पण टोपी नीट लाल आली पाहिजे. विटकी आली तर ती भिंतीवरून काढून टाकेल म्हणाली."

"अशी टोपी आपल्या भिंतीवर," पास्टर म्हणाले. "रुळांच्या उत्तरेला."

"मत द्या," एल्डन म्हणाला.

या वेळी ताडपत्रीला एकही मत पडलं नाही.

दुपारी शिकागोचा सेंट लुईसशी सामना होता. एल्डनने बैठकीतला रेडिओ लावला. मग उठून स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. थोड्या वेळाने लव्हर्न आली, हात पुसले आणि बसली.

सुरुवातीचे डाव संपले. निवेदक सांगत होता, उकाडा आहे, वारा मैदानाबाहेर वाहतोय, शिकागो एका धावेने पुढे आहे.

"त्याला काढायला हवं," लव्हर्न अचानक म्हणाली.

"कुणाला?"

"तुमच्या पिचरला. दमलाय तो. मागच्या दोन बॅटरना चेंडू वर वर गेले."

"अजून दोन डाव सहज टाकेल," एल्डन म्हणाला.

रेडिओवर टणत्कार झाला. निवेदकाचा आवाज आधी चढला आणि मग खाली बसला. सेंट लुईसच्या बॅटरने मारलेला चेंडू मैदानाच्या वेलींनी झाकलेल्या भिंतीवरून पार रस्त्यावर गेला होता. बरोबरी झाली. लव्हर्नने मांडीवर एकदाच, अगदी हळू, टाळी वाजवली आणि हात परत जुळवून ठेवले.

एल्डनने घसा खाकरला. शेवटच्या डावात सेंट लुईसचे दोघे बेसवर उभे होते, एक जण बाद झाला होता आणि शिकागोचा व्यवस्थापक पिचरशी बोलायला मैदानात उतरला होता. एल्डनला बाकावर कोण कोण आहे, ते तोंडपाठ होतं. पण तरीही त्याने विचारलं. विचारताना तो रेडिओकडेच बघत होता.

"तू असतीस तर आता कुणाला आणलं असतंस?"

लव्हर्नने बराच विचार केला. "डावखुऱ्याला," ती म्हणाली.

एल्डन तिच्याकडे वळला. तिचा चेहरा साधा, सरळ होता, चर्चमध्ये असतो तसा. बॅटर उजव्या हाताचा होता, आणि अशा बॅटरला डावखुऱ्या पिचरचे चेंडू सहसा सोपे जातात. पण उजव्या हाताच्या काही बॅटरना डावखुरा पिचर जड जातो, हेही खरं होतं. ती बायको म्हणून सांगत होती की सेंट लुईस म्हणून, हे त्या चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. एल्डनने तिचे डोळे पाहिले, तोंड पाहिलं आणि मांडीवर शांत पडलेला उजवा हातही पाहिला.

"शिकागो बदल करत आहे," निवेदक म्हणाला. "डावखुरा येतोय."

लव्हर्नने खुर्ची जराशी रेडिओजवळ ओढली.